पाइपवर नाव कुठे लिहायचं?

११ जानेवारी, ग्वेल्फ
आज झूमवर इतिहास घडवला! पिंपळदरीच्या शाळेत नळ नाही, मुली मधल्या सुट्टीत विहिरीवरून कळशा आणतात, असं मुख्याध्यापिका कल्याणीबाईंनी कळवलं होतं. आजवर कॅनडातली ग्वेल्फ, किचनर, विंडसर ही मराठी मंडळं आपापली मदत पाठवायची. मी युरोपियन मॉडेल मांडलं: प्रत्येक देशाची मदत वेगळी, पण सगळ्यांची मिळून एक सामायिकही, आणि सगळं एकमेकांना विचारून. वेबिनार ऐकला होता. अर्धा. एकमताने ठराव: तिघांची मिळून एकच पाइपलाइन. समन्वयक मी. बायको, चित्रा, म्हणाली, तुमचं हळदीकुंकवाच्या तारखेवर कधी एकमत झालंय? घरच्यांना परराष्ट्र धोरण कळत नाही.

१९ जानेवारी
ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना लक्षात आलं: पाइप जमिनीखाली जाणार. मग नाव कुठे लिहायचं? शाळेत पंख्याच्या पातीवरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं. पण नको. संकल्प: मोह टाळणे.

२० जानेवारी
मोह नव्हेच, समतोल. आमच्या वाट्यातून ग्वेल्फतर्फे वॉटर कूलर ऑर्डर केला. पाटीवर माझं नाव, खाली बारीक मंडळाचं. पाइप काय, ते दोघे करतीलच. कुणाला सांगितलं नाही. सरप्राइज!

८ फेब्रुवारी
किचनरच्या हर्षवर्धनला पाइपचं विचारलं. म्हणाला, काका, कोऑर्डिनेटर तुम्ही ना? विंडसरच्या मंदाकिनीताईंनी विषय विंटर टायर्सवर नेला. काहीतरी लपवतायत. लोकांत पारदर्शकता म्हणून नाही.

२ मार्च
फोटो आला. व्हरांड्यात तीन कूलर, तीन पाट्या. नळ नाही. गौरांगी पोट धरून हसली. म्हणे, डॅड, धिस इज सो युरोपियन. ताबडतोब झूम. दीड तास कडाक्याची चर्चा: मधल्या जागेचा मान कुणाच्या कूलरला?

८ मार्च
तोडगा माझाच! मधला मान कुणालाच नाही, तिन्हींचं एकदम ऑनलाइन उद्घाटन. कल्याणीबाईंना सूचना दिली: तोटी सोडल्यावर पाणी पडताना दिसलं पाहिजे. सामायिक धोरणाचा विजय. भाषण पाठ. नवा कुर्ता इस्त्री केला.

१४ मार्च, जेवणानंतर
उद्या उद्घाटन. तयारी विचारायला फोन केला. तिकडे सकाळ, कल्याणीबाई घाईत होत्या. म्हणाल्या, सर, नंतर बोलू, तीन कूलर भरायचेत ना, मुली पहाटेपासून विहिरीवर आहेत.
बरं म्हणालो.
पाणी प्यायला उठलो. किचनमध्ये नळ सोडला. पाणी लगेच आलं. फार लाज वाटली.