माझी मान आणि ‘सोमवारचा हगामा’ यांची व्यवस्था

मी, कानिफनाथ रामहरी गर्जे, वय बावीस पूर्ण, धंदा टीव्हीवरच्या जुन्या कुस्ती-कार्यक्रमांचं परीक्षण, शिक्षण बी.कॉम. तिसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत, राहणार टेकाडवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, आज गुरुवारी सकाळी घरच्या ओट्यावर बसून हे लिहून ठेवतो. नशापाणी केलेलं नाही. कुणी शिकवलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: येत्या रविवारी गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा आहे. त्यात माझी आणि अंगद वैजनाथ शिरसाट याची कुस्ती लागली आहे. त्याचं वजन चौऱ्याऐंशी किलो, माझं एकोणसाठ. कुस्ती मीच मागितली. हरेल त्याने आपला यूट्यूबचा चॅनल कायमचा बंद करायचा, अशी बोली आहे आणि ती सगळ्यांनी ऐकलेली आहे. शिवाय माझ्या मानेचा एक विषय आहे. तो कलम चारमध्ये येईल.

तहसील कचेरीबाहेरच्या बाँड रायटरकडे मी काल जाऊन आलो.

“आजार काय?” त्याने विचारलं.

“आजार न्हाई. कुस्ती हाय.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. “मग लंगोट घे की. मृत्युपत्र काय करतो?”

मी उठलो नाही, तेव्हा त्याने सांगितलं की साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार पाहिजेत, आणि ज्याला काही देणार त्याला साक्षीदार करायचं नाही, नाहीतर त्याचं देणं बाद होतं. त्याप्रमाणे लिहितो.

कलम १. घर वडिलांच्या नावावर आहे आणि जमीन चुलत्याच्या ताब्यात, त्यामुळे त्याबद्दल मला काही बोलता येत नाही. मोटारसायकल वडिलांची, फक्त आरसे माझे. ते राहू द्यावेत. माझा ब्लूटूथ स्पीकर वडील रामहरी यांना द्यावा. ते पाथर्डी-शेवगाव जीप चालवतात, त्यांनी तो जीपमध्ये लावावा. त्यांनी माझा एकही भाग बघितलेला नाही. “ती चड्डीवाली मान्सं खोटं खोटं हाणत्यात, अन् तू खरं खरं वरडतो,” एवढंच त्यांचं परीक्षण. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी आहे, पण ती लिहीत नाही.

बँकेत असेल ते आई छबूबाई हिला. तिने ते देवळाला देऊ नये.

कलम २. ‘सोमवारचा हगामा’ हा चॅनल, त्याचा पासवर्ड, जुन्या भागांची हार्ड डिस्क, माईक, आणि एकशे एकेचाळीस भागांच्या नोंदींच्या सहा वह्या धाकटी बहीण दिशा हिला द्याव्यात. तिने त्यावर मेंदीचे व्हिडिओ टाकू नयेत.

हा चॅनल काय आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण उद्या काहीही सांगितलं जाईल. माझ्या जन्माच्या आधी अमेरिकेत दर सोमवारी, एकाच वेळी, दोन कंपन्यांचे कुस्तीचे कार्यक्रम टीव्हीवर लागायचे. आधी सुरू झालेल्याला आम्ही थोरला म्हणायचो, नंतरच्याला धाकटा. दोघं एकमेकांचे पैलवान पळवायचे, एकमेकांची टिंगल करायचे, आणि कुणाला जास्त लोकांनी बघितलं हे दुसऱ्या दिवशी मोजायचे. दीड वर्षाच्या वर धाकट्याने थोरल्याला पुढे जाऊ दिलं नाही. अंगद आणि मी त्यातला एकेक आठवडा बघायचो आणि आमच्या बोलीत सांगायचो. पैलवानांना आमची नावं ठेवायचो. एक टकला होता, तो कुणालाही न विचारता आत यायचा आणि सगळ्यांना हाणून निघून जायचा. त्याला आम्ही मुकादम म्हणायचो. ऊसतोडीवर गेलेली पोरं पाचटाच्या कोपीत बसून आमचा भाग बघायची आणि कळवायची की आमचा मुकादमबी असाच हाय.

नाव माझं, आवाज माझा, नोंदी माझ्या. अंगदने कॅमेरा धरला आणि भाग कापून जोडले. त्याचं श्रेय मी कधीच नाकारलं नाही. आता नाकारतो.

कलम ३. संस्कृती भीमा ढाकणे हिच्याविषयी. ती गावची तालीम चालवणाऱ्या भीमा वस्तादांची मुलगी, त्यांना बापू म्हणते, आणि कॉलेजात आमच्या वर्गात. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमचे बघणारे कमी झाले, तेव्हा युक्ती तिने काढली. म्हणाली, “ते दोघं भांडत्यात, अन् तुमी शेजारी बसून चहा पिता. कोण बघंल? तुमीबी भांडा.” म्हणून आम्ही वेगळे झालो. धाकटा कार्यक्रम माझ्याकडे राहिला, थोरला घेऊन अंगदने स्वतःचा चॅनल काढला. तो शुक्रवारी मला शिव्या द्यायचा, मी सोमवारी परत करायचो.

पहिलं जाहीर भांडण वस्तादांच्या तालमीत ठेवलं. संस्कृती पंच झाली. सुरू व्हायच्या आधी तिने आम्हा दोघांशी हात मिळवला, आणि माझा हात धरून अंगठ्याने दोनदा दाबला.

त्या दोन दाबांवर मी आठ महिने काढले.

त्या आठ महिन्यांत मी अंगदला जे बोललो ते मनापासून बोललो. मला वाटलं, ती माझ्या बाजूची आहे आणि याला बोलून बोलून जाळायचं माझ्यावर सोपवलं आहे. तो कॅमेऱ्यासमोर मला ‘माती सोडलेला पैलवान’ म्हणायचा. सगळे हसायचे. ती पण हसायची, आणि ती वरवर हसते असं मी समजायचो. लोकांनी आम्हाला कधी नव्हे एवढं बघितलं.

डिसेंबरात वर्गात पेढे आले. अंगद आणि संस्कृतीचा साखरपुडा ठरला होता. मी तिला जिन्यात गाठून विचारलं की मग हात का दाबला होता.

तिला आधी आठवेनाच. मग म्हणाली, “अरे, ती खूण केल्ती तुला. नुरा हाय, मनावर घिऊ नको म्हणून. बापूंच्या तालमीत तीन वर्षं काढली अन् तुला एवढं कळलं न्हाई व्हय?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती. वस्तादांच्या तालमीत नुरा ठरली असली की सलामीला हात मिळवताना अंगठा दोनदा दाबतात. मला हे माहीत होतं. मी स्वतः दाबलेला आहे. पण मुलीने हात दाबला तर कुणाला तालीम आठवते, हे मी न्यायालयाला विचारतो.

त्या दिवशी मी कॉलेज सोडलं. घरी सांगितलं की चॅनलला वेळ पुरत नाही. मृत्युपत्रात खोटं असू नये म्हणून लिहितो, तिच्यामुळेच सोडलं. ते दोघं पहिल्या बाकावर बसले असते आणि मला मागून रोज त्यांच्या पाठी बघाव्या लागल्या असत्या.

कलम ४. मान. बारावीत असताना वस्तादांच्या तालमीत डोक्यावर पडलो. नगरच्या डॉक्टरांनी फोटो काढून आईला सांगितलं की याने पुन्हा माती बघायची नाही, मानेवर पडला तर हातपाय जातील, नाहीतर हाच जाईल. फाईल आईच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे. गावात आम्ही सांगितलं की कानिफला कंटाळा आला. लुळा म्हणवून घेण्यापेक्षा आळशी बरा, असं मला त्या वयात वाटलं. अजूनही वाटतं. वस्तादांना माहीत नाही. अंगदला माहीत नाही. आमची कुस्ती ही चॅनलवरची नुसती बोलाचाली आहे, रविवारी मी यात्रेत उभा राहून इतरांच्या कुस्त्या बघणार आहे, असं आईला वाटतं.

मला काही झालं तर दोष कुणाला देऊ नये. अंगदला थोडा दिला तरी चालेल.

कलम ५. वस्ताद भीमा ढाकणे यांना माझा लंगोट परत द्यावा. तो त्यांनीच दिला होता. त्यांनी पोरीला खुणा शिकवायच्या आधी विचार करायला हवा होता. “वाणिज्य शाखेला चारित्र्य लागतं,” असं माझ्याकडे बघून म्हणणाऱ्या आमच्या सरांना काहीही देऊ नये आणि दहाव्याला बोलावू नये.

कलम ६. अंगद वैजनाथ शिरसाट याला माझ्या चीजवस्तूतलं काहीही मिळू नये. माईकवरचं फोमसुद्धा नाही. त्याने परवा फोन केला होता, तो जसाच्या तसा लिहितो.

“कान्या, बरोबरीत सोडवू. पंधरा मिंटं झोंबायचं, पंच हात वर करतील, दोघांचे चॅनल राहत्याल. कुनाला काय कळतंय.”

“नुरा खेळू म्हणतो व्हय?”

“तुला कधीपासून राग आला नुराचा? अडीच वरीस लोकांना दुसरं काय दावलं आपन?”

मी फोन ठेवला. त्याचं उत्तर इथे देतो. टीव्हीवरची कुस्ती ठरवलेली असते हे खेळणाऱ्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही. नुरात बघणाऱ्याला माहीत नसतं. आपल्यात खेळणाऱ्यालाच माहीत नव्हतं. याला काय म्हणतात, असं मी वस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले, “असं कधी झालं न्हाई आमच्यात.”

संस्कृती हिलाही काही नाही. मी तिच्यासाठी घेतलेले कानातले दिशाला द्यावेत. कुणासाठी घेतले होते हे तिला सांगू नये, नाहीतर ती घालणार नाही.

कलम ७. साक्षीदार. आई, वडील, दिशा आणि वस्ताद यांना मी काही ना काही दिलं आहे, म्हणून ते चालत नाहीत. गावातल्या इतर कुणाची सही घेतली तर दिवस मावळायच्या आत आईच्या कानावर जाईल. ज्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही आणि ज्यांना तोंड बंद ठेवता येतं अशी दोनच माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी आठ महिने मला कळू दिलं नव्हतं. सबब त्यांनाच आज दुपारी तालमीत गाठून सह्या घ्यायच्या आहेत. कागद दुमडून फक्त खालचा भाग समोर धरणार आहे. साक्षीदाराला मजकूर वाचायचा हक्क नसतो, हे बाँड रायटरने सांगितलेलं आहे.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिलं आहे. राजी आहे. खुशीचं बघणाऱ्याने ठरवावं.

लिहून ठेवणार
(सही) कानिफनाथ रामहरी गर्जे

साक्षीदार १
कान्याने माझ्यासमोर सही केली. कागद दुमडून धरला होता, मी हिसकावून उलगडला आणि सगळा वाचला. त्याने हातावर चावायचा प्रयत्न केला. मानेचं मला माहीत नव्हतं. आईची शपथ, माहीत नव्हतं. ज्या दिवशी तो पडला त्या दिवशी मी मामाच्या गावी कोल्हारला होतो. मी रविवारी उतरणार नाही. माघार मी घेतली, म्हणजे मी हरलो, असं समजावं. बोलीप्रमाणे माझा चॅनल आत्ता, याच्यासमोर बंद केला.
(सही) अंगद वैजनाथ शिरसाट

साक्षीदार २
सही माझ्यासमोर झाली. हगाम्याच्या कुस्त्यांची वही बापूंनी माझ्याकडे दिलेली आहे. कानिफचं नाव खोडलं. परत लिहिणार नाही, कुणाशीही लावून. त्या खुणेचं मी त्या दिवशी जिन्यात हसून बोलले, तसं बोलायला नको होतं. बाकी जे वाटलं ते त्याला वाटलं, त्याला मी काय करू.
(सही) संस्कृती भीमा ढाकणे

पुरवणी
वरील दोन्ही मजकूर साक्षीदारांनी मला न विचारता लिहिले आहेत. संस्कृतीने माझं नाव खोडलं ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं, कारण वही तिच्या ताब्यात आहे. अंगदचं हरणं मला मान्य नाही.

बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, मार्चच्या याच आठवड्यात, थोरल्याच्या कंपनीने धाकट्याची कंपनी विकत घेतली आणि धाकटा बंद पडला. त्याच्या पुढचे थोरल्याचे चौदा भाग मी बघितले आहेत. नोंदी सहाव्या वहीत आहेत, त्यावर एकही भाग केलेला नाही. समोर कुणी उरलं नव्हतं. तेच पैलवान यायचे, तेच बोलायचे, आणि पुढे तर कंपनीने आपल्याच माणसांचे दोन गट पाडून त्यांना एकमेकांशी भांडायला लावलं. जिंकलेल्या माणसाला एवढं कंटाळलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. मला तसलं जिंकणं नको आहे, आणि अंगदच्या हातून तर मुळीच नको.

म्हणून असं ठरवून लिहितो की त्याने आपला चॅनल उद्या सकाळी उघडावा आणि शुक्रवारचा भाग वेळेवर टाकावा. त्यात माझी कीव करू नये. कीव केल्यास मी सोमवारी त्याच्या साखरपुड्याचे फोटो घेऊन बसेन आणि त्याच्या नाचण्याचं मिनिटागणिक परीक्षण करीन. मैत्री परत झाली असा अर्थ कुणी काढू नये. पुरवणीलाही साक्षीदारांच्या सह्या लागतात असं समजल्यावरून या दोघांनी जाण्याआधी खाली पुन्हा सह्या कराव्यात, आणि या वेळी फक्त सह्या कराव्यात.

कुस्ती रद्द झाली तरी हे मृत्युपत्र रद्द समजू नये.

(सही) कानिफनाथ रामहरी गर्जे
(सही) अंगद वै. शिरसाट. भाग टाकतो. तुझी तयारी ठेव.
(सही) संस्कृती भी. ढाकणे

ठिकाण: भीमा वस्तादांची तालीम, टेकाडवाडी, ता. पाथर्डी
दिनांक: २६ मार्च २०२६