मुलींच्या बाजूची टाकी

२१ ऑगस्ट
कॉलेजला आजही पाणी नाही. रोज तेच लिहून कंटाळा आला. यापुढे नुसतं पा. ना. लिहीन.

टी.वाय.चं टायट्रेशन फळ्यावर केलं. ब्युरेट खडूनं काढली, रीडिंग मीच सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं, इतका अचूक वर्ग दुसरीकडे नसेल. बेसिनच्या तोटीला कुणीतरी फडकं बांधलंय. कशासाठी, देव जाणे. थेंब तर पडत नाही.

सकाळी केजहून निघताना घोटभर चहा, मग घरी परतेपर्यंत काही नाही. मुलींच्या टॉयलेटला कुलूप. आत संस्थेच्या सतरंज्या नि खुर्च्या. फाट्यावरच्या चहावाल्या मावशी घरात जाऊ देतात, पण रोज कोणत्या तोंडानं जायचं.

२५ ऑगस्ट
पा. ना. रुखसार बागवान आठवडाभर नव्हती, आज आली. टी.वाय.त रसायनशास्त्र मनापासून आवडणारी ही एकच पोरगी. युसूफ वडगावहून एसटीनं येते. वडील केजला फळांचा गाडा लावतात.

चेहरा पार उतरलेला. आधी 'ताप होता' म्हणाली. मग लॅबमध्ये दोघीच उरलो तेव्हा बोलली. लघवीला जळजळ, रक्तही गेलं. डॉक्टरनं सांगितलं, पाणी भरपूर पी, दाबून धरू नको. "मी हो म्हणलं मॅडम. पण हितं येऊन काय करू?" अब्बा म्हणतात, परत असं झालं तर कॉलेज बंद.

होईल काहीतरी, म्हणाले मी. काय होणार, डोंबल.

२ सप्टेंबर
पा. ना. स्टाफरूममध्ये रुखसारचं नाव न घेता विषय काढला. सगळ्यांना अचानक पेपर तपासायचे आठवले. फक्त गायके सर थांबले. भौतिकशास्त्राचे, परमनंट, रिटायरमेंट जवळ आलेली. म्हणाले, "तुमी तासिकेवरच्या. बोललात तर पुढच्या सत्राची ऑर्डर निघणार न्हाई. मी बोलतो. माजं काय वाकडं करणार हायत आता?"

सर याआधी कधी कुणाच्या अध्यात-मध्यात नसत. संसार मोठा, घाबरट माणूस. आज काय झालं कुणास ठाऊक. बरं वाटलं.

११ सप्टेंबर
पोरं, पोरी आणि आम्ही चार मास्तर. आज गेटवर बसलो. मागणी एकच, मुलींचं टॉयलेट उघडा आणि त्यात पाणी आणा. लॅबचं पाणी, वाचनालयाचा पत्रा, सगळं बाजूला ठेवायचं, असं रुखसारनंच ठरवलं. "लई मागितलं की कायच भेटत न्हाई." शहाणी आहे.

पाऊस असा की कांबळेच्या गौतमनं लिहिलेला फलक धुऊन निघाला. तोच फलक उलटा करून डोक्यावर धरला. पोरं हसत होती. मीही बऱ्याच दिवसांनी हसले.

प्राचार्य दोनदा खिडकीत येऊन गेले. माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला नीट कळतो.

१३ सप्टेंबर
संस्थेचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. आम्ही भांडायच्या तयारीनं गेलो होतो, आणि हा माणूस हात जोडून उभा. "लेकरांनो, तुमी मागायच्या आधी मला कळाया पायजे व्हतं. चूक माजी हाय." आता याच्याशी कसं भांडायचं?

म्हणाले, दिवाळीनंतर मूल्यांकनाची कमिटी येतेय, त्याआधी टाकी, मोटर, टॉयलेट, समदं होईल. "तवर घरातलं भांडण घरात ऱ्हाऊ द्या." टाळ्या पडल्या. गायके सरांनीही वाजवल्या. मी पण.

रुखसारनं नाही वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "कमिटीच्या आधी कावून? उद्या कावून न्हाई?"

३० सप्टेंबर
पा. ना. बाहेर नदी-नाले एक झाले, गेवराईकडे शेतं पाण्याखाली. एसटी बंद म्हणून तीन दिवस सुट्टी. कॉलेजची बोअर भरली असेल, पण मोटर जळालेली. ती कधी जळाली ते आता कुणाला आठवतही नाही.

१५ ऑक्टोबर
पा. ना. रुखसार परत आजारी. या वेळी दवाखान्यात सलाईन. फोनवर तिची आई बोलली, वडील नाही. मी म्हणाले, दिवाळीनंतर सगळं होणार आहे, अध्यक्षांनी शब्द दिलाय. आई म्हणाली, "तुमी म्हणता तर हुईल मॅडम."

तुम्ही म्हणता तर. माझ्या म्हणण्यानं लॅबची तोटी उघडत नाही.

४ नोव्हेंबर
कॉलेज सुरू झालं. गेटला रंग, झाडांना गेरू आणि चुना, नर्सरीतून कुंड्या भाड्यानं. टॉयलेट उघडलं! आतून गुलाबी रंग, दारावर पाटी 'मुलींचा विश्रामकक्ष'. सतरंज्या कुठे हलवल्या कुणास ठाऊक. पोरी नुसत्या बघायला आत जाऊन आल्या.

पोरांसोबत आम्ही पण झाडू मारतोय, भिंती घासतोय. कुणी सांगितलं नाही. आपल्यासाठीच तर आहे. रुखसार हजर. तब्येत बरी.

७ नोव्हेंबर
ट्रॅक्टरवरून काळी टाकी आली. मुलींच्या बाजूला गच्चीवर चढवली. गौतम नि पोरांनी दोर लावून ओढली, खालून गायके सर 'हळू, हळू' करत होते. टँकरनं भरली. नळ सोडला तर खरंच पाणी. पोरींनी आळीपाळीनं हात धुतले. मी लॅबमधली ब्युरेट आणून धुतली. निव्वळ धुतली, काम काही नव्हतं.

खूप दिवसांनी पा. ना. लिहायचं नाही.

८ नोव्हेंबर
गच्चीवर गेले होते. टाकीवर पांढऱ्या अक्षरांत संस्थेच्या हायस्कूलचं नाव. ती बाजू भिंतीकडे फिरवलीय. म्हणजे शाळेची पोरं आता काय पितात?

मोटरचं विचारलं. क्लार्क म्हणाला, "मोटर कशाला? टँकर हाय की कमिटी जाईपर्यंत." लपवायची गरजसुद्धा वाटली नाही त्याला.

म्हणजे कमिटी जाईपर्यंतच. मला आधीच कळायला हवं होतं.

१० नोव्हेंबर
लॅबचं दार लावून बसलो. गायके सर, गौतम, रुखसार, अजून दोघीतिघी. ठरलं. कमिटी विद्यार्थ्यांशी वेगळी बोलते, तिथे मास्तर नसतात. तिथे रुखसार सांगणार. टाकी परवापरवा आली, टॉयलेट आठवड्यापूर्वी उघडलं, मोटर नाही. एवढंच. मास्तरांच्या बैठकीत सर सांगणार.

"भ्याव वाटतंय का गं?" सरांनी विचारलं. "तुमालाच वाटायलंय सर," ती म्हणाली. खरं होतं. सरांनी उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

आशा ठेवायला मी भिते. पण ठेवलीय.

१२ नोव्हेंबर
कमिटी. काय लिहू.

लेझीम, फेटे, औक्षण. ऐन वेळी प्राचार्यांनी औक्षणाचं ताट रुखसारच्या हातात दिलं. सगळ्या जातिधर्माच्या मुली इथे आहेत हे दिसावं म्हणून. कमिटीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई, दुसऱ्या राज्यातल्या, साध्या. उन्हात दमल्या होत्या. रुखसारनं पाणी आणून दिलं. त्या अख्खा ग्लास प्यायल्या, हाशहुश केलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग विद्यार्थ्यांची बैठक. मी बाहेर व्हरांड्यात. खिडकी उघडी. बाईंनी त्याच मायेनं विचारलं, "बेटी, यहाँ पानी-वानी की कोई तकलीफ़?"

मग रुखसारचा आवाज. "नहीं मॅडम. सब है."

गौतम काही बोलायला उठला होता म्हणे, दुसऱ्यांनी खाली बसवला. ताई नाही म्हणाली तर तू कोण?

तिला लॅबमध्ये ओढत नेलं. ओरडले. बरंच. ती रडत नव्हती, मीच रडत होते. म्हणाली, "मेहमान व्हत्या मॅडम. माज्या हातचं पाणी पिऊन इचारलं त्यांनी. पाणी पिलेल्या बाईला, पाणी न्हाई, कसं सांगू? अम्मीनं असं न्हाई शिकवलं."

आणि आमची बैठक? सरांना विचारलं सुविधांचं. सर उभे राहिले, घसा साफ केला, म्हणाले, "समाधानकारक आहेत." खाली बसताना माझ्याकडे बघितलं नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर? आमच्या घरीही पाहुणा आला की रिकामा डबा मागे सारून भरलेला पुढे ठेवतात. मी काय वेगळं बोलले असते.

तिच्यावर ओरडायला नको होतं.

१९ नोव्हेंबर
निकाल. ग्रेड चांगली, अपेक्षेपेक्षा वरची. फटाके, पेढे. गेटवर फ्लेक्स लागला. वर दादा, बाजूला प्राचार्य, खाली कोपऱ्यात ताट धरलेली रुखसार. फोटोत ती छान हसतेय.

दादांनी पेढा स्वतः हातात दिला. "तुमच्या आंदोलनामुळंच झालं बरं का, मॅडम. तुमी बोललात म्हणून आमी जागे झालो." चेष्टा होती की खरंच म्हणाले, मला आजतागायत कळत नाही त्या माणसाचं. पेढा खाल्ला. गोड होता.

२२ नोव्हेंबर
टाकी गेली. त्याच ट्रॅक्टरवर. उतरवायला पोरं नाही आली, माणसं लावावी लागली. विश्रामकक्षाला कुलूप. सतरंज्या परत आत. पाटी तेवढी राहिली.

शाळेच्या लेकरांचं पाणी त्यांच्याकडे परत गेलं, म्हणून टाकी नेली याचा रागही धरता येईना.

पा. ना.

२४ नोव्हेंबर
पा. ना. प्राचार्यांकडे गेलो. मी आणि गौतम. सर आले नाहीत, बीपी वाढलंय म्हणाले. वाढलंही असेल. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "बाहेरच्या तज्ज्ञांनी लिहून दिलंय, सुविधा पुरेशा आहेत. आता तुम्ही मागणी कोणत्या आधारावर करता?" आधार आमच्याकडे नाही. आम्हीच तर भिंती घासल्या.

निघताना मला थांबवलं. पुढच्या सत्रात रसायनशास्त्राचे तास कमी होण्याची शक्यता आहे, म्हणाले. शक्यता.

गौतम बाहेर उभा होता. "गेटवर बसू या का परत?" मी विचारलं. "बसायला कोण येतंय मॅडम. पोरं म्हणत्यात, ग्रेड आली, आता कशाला नाव खराब करायचं." ही पोरं कॉलेजला नावं ठेवतात आणि कॉलेजचं नावही जपतात. मीही तशीच.

२८ नोव्हेंबर
पा. ना. रुखसार आठवडाभर नाही. फोन बंद.

१ डिसेंबर
केजला बागवान चाचांच्या गाड्यावर गेले. सीताफळं लावत होते. मी काही बोलायच्या आधी एक सीताफळ निवडून पिशवीत घातलं, पैसे घेईनात. म्हणाले, रुखसार घरी आहे, पुन्हा इन्फेक्शन, या वेळी किडनीपर्यंत गेलंय. आता बस.

मी म्हणाले, चाचा, आम्ही परत भांडू. एवढं वर्ष संपू द्या, पोरगी पहिली येईल.

त्यांचा आवाज चढला नाही. "मॅडम, कुणासंगं भांडू? मी गेलतो की प्राचार्य सायबाकडं. त्यांनी खिडकीतनं गेटवरचा फोटो दावला. म्हणले, तुमच्याच पोरीनं सांगितलं कमिटीला, समदं हाय म्हणून. मी मुंडी खाली घालून आलो. बाप लबाड म्हणावा का लेक?"

गिऱ्हाईक आलं. ते वजन करायला लागले. मी उगाच थोडा वेळ उभी राहिले, मग आले.

सीताफळ पिकलंय. खाववत नाही.

३ डिसेंबर
पा. ना. गायके सर भेटले, व्हरांड्यात. "मी बोलायला पायजे व्हतं," म्हणाले. मी म्हणाले, हो, पायजे होतं. इतकं कडू बोलायला नको होतं. ते तसेच पुढे गेले, वर्गावर.

६ डिसेंबर
सुट्टी. घरी लवकर आटोपून सगळे बाहेर गेले, मी मागे राहिले. दुपारी रुखसारचा मेसेज, आईच्या फोनवरून. अब्बा रोजच्या कॉलेजला नाही म्हणतात. पण वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेला तेवढं पाठवायला कसेबसे तयार झालेत, एका अटीवर. आजारी पडायचं नाही.

'येऊ का मॅडम? आदल्या सांजच्यापासून पाणी बंद ठेवीन. दिवसभर काही होणार नाही. मी करून बघितलंय.'

डॉक्टरनं काय सांगितलंय ते तिला माहीत आहे. मलाही. फोन हातात घेऊन बसले. नको ये, लिहिलं, पुसलं. वर्ष जाईल. एक वर्ष गेलं की या पोरी परत येत नाहीत, मी बघितलंय. मावशींच्या घरी घेऊन जाईन, लिहिलं, तेही पुसलं, कारण परीक्षेत मध्येच लॅब सोडता येत नाही.

शेवटी लिहिलं, ये.

तिनं लगेच अंगठा पाठवला, आणि एक हसरा चेहरा. परीक्षेची तारीख अजून लागायचीय.