आपलं व्रत

३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी इंदुताईंचं मीठ बंद केलं. तोंड वाकडं करत का होईना, दुपारी जेवल्या. संध्याकाळी रोहितने आपल्या या आत्याला धीर दिला — "तू दादाजींची मुलगी ना? त्यांनी स्वराज्य मिळेपर्यंत मीठ सोडलं होतं. आजपासून आपण सगळेच अळणी खाऊन राहिलो, बस?"

आपण! नवऱ्याने बोलायचं, स्वयंपाक मी करायचा, गिळायचंही मीच.

५ फेब्रुवारी

परवा रात्रीपासून इंदुताईंनी ताट सरकवून देणं सुरू केलंय. लिंबू पिळून पाहिलं, आमचूर घातलं. काही नाही. नुसत्या चहावर आहेत. उठताना भिंत धरतात. मला भीती वाटते.

रोहितच्या शर्टाला बाहेरच्या झणझणीत तर्रीपोह्यांचा वास होता. शर्ट बादलीत टाकला. भांडायलाही अंगात मीठ लागतं.

६ फेब्रुवारी

स्मारक समितीचे मधुकरराव आले होते. दादाजींची जयंती यंदाही आमच्याच, नंदनवन वस्तीतल्या घरी. दरवर्षीसारखं अळणी पिठलं-भाकर. लोक दोन घास खाऊन डोळे पुसतात. दादाजींच्या त्यागामुळे की माझ्या पिठल्यामुळे, कोण जाणे. "आपण करू ना," रोहित म्हणाला. इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

७ फेब्रुवारी

आज त्यांच्या उशाशी बसून रडलेच. म्हटलं, दादाजींना जमलं, तुम्हाला दोन घास जमत नाहीत?

त्या उठून भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "माय बाबाच्या ताटात जेवे वं. बाबाचं झालं की, त्याच ताटात. त्या ताटाले मीठ लागू द्यायचं नाही. बाबा जेलात असले तरी."

म्हणजे तुमच्या आईंनी, जिजाबाईंनीही मीठ सोडलं होतं?

"तिले कोणी विचारलं?"

शेवटच्या आजारपणात जिजाबाईंनी लोणच्याची फोड मागितली. दादाजी पायाशी बसलेले. म्हणाले, 'जिजा, आपलं व्रत आहे.' "रडून राहिले होते बाबा. पण दिली नाही." पुढच्या वर्षी स्वराज्य आलं. रामटेकला सभा भरवून दादाजींनी मीठ खाल्लं. जिजाबाई तोवर गेल्या होत्या.

या घरात मी इतकी वर्षं दादाजींच्या फोटोला हार घालतेय. जिजाबाईंचा फोटोच नाही. दादाजींचा राग येतो. त्यांचं ते रडणंही डोळ्यांपुढून जात नाही.

मी उठले तशा इंदुताई म्हणाल्या, "तू काहून अळणी खाते वं, मिनल? तुले कोणी विचारलं?"



८ फेब्रुवारी

जेवायला बसताना माझ्या ताटात आधी मीठ वाढून घेतलं. रोहितने मिठाच्या वाटीकडे हात नेला. म्हटलं, "तुझं व्रत आहे ना?"

इंदुताई माझ्या ताटातल्या मिठाकडे बघत होत्या. मग स्वतःचा अळणी वरणभात पुढे ओढला. सगळा जेवल्या. अजून वाढ म्हणाल्या.