नैवेद्याआधीचा गूळ

रविवार, पौष. अमरावती.

हातांची थरथर अजून पुरती थांबलेली नाही.

आज नांदगाव खंडेश्वरजवळ वहिनीच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. मी घरूनच नेहमीच्या वेळेला इन्सुलिन घेऊन निघालो. गोवऱ्यांत कणकेचे जाड रोडगे भाजायला वेळ लागतो, नैवेद्याआधी कोणी घास मोडत नाही, हे मला आज कळलं का? मग घेतलं कशाला? सवयीनं. दुसरं काय.

वाऱ्यात हात थरथरायला लागले. थंडी असेल म्हणून शाल गुंडाळली, शेकोटीला बसलो. हात थांबेनात. नैवेद्याच्या ताटात गूळ समोरच होता. पण सगळे उपाशी थांबलेले, आपणच कसं मागायचं?

वहिनीनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, एवढ्या थंडीत घाम काहून येऊन राह्यला तुमाले?" आणि ताटातला गूळ उचलून माझ्या तोंडात कोंबला. "खा तुमी. देवाले मी सांगतो."

बावीस वर्षं स्वतःवर पहारा देतोय. थकलो. आणि साखर उतरल्याचा साधा घाम कळू नये?

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "हात काहून लपवून राह्यले जी?"

थंडी आहे, म्हणालो.