युगोत सही करत नाहीत

शिबेनिक,
२१ नोव्हेंबर

प्रिय नेवेंका,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. दोन वर्षांचे साचलेले आहेत, पुरवून वापर. रियेकाला तू आणि तुझी मांजरं सुखरूप असाल. इकडे माझा गुडघा वगळता सर्व क्षेम. फिलोमेनाआत्यानं मला शपथ घातली आहे की तुला फोन करायचा नाही. पत्राविषयी ती काही बोलली नाही, आणि शब्दाचा अर्थ नेमका तेवढाच घ्यावा, हे मी संस्कृत व्याकरणातच शिकलो.

इथे पवनचक्कीवाल्यांची परिषद भरली आहे. मालक, चक्क्या चालवणारे, विमेवाले, सगळे गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून हिंडतात. मी दुभाष्या. आत्यानं बिल्ला पर्समध्ये ठेवलाय. "ज्याला मी माहीत नाही, त्यानं विचारावं," म्हणाली. काल तिनं सगळ्यांना घरचे सुके अंजीर वाटले आणि मला सर्वांदेखत ऐकवलं, "लोव्रे, तुझ्या त्या संस्कृतात वाऱ्याला पन्नास नावं असतील, पण त्यातल्या एकानं तरी दिवा लागला का रे?"

अंजिरांवर आणखी एक पान लिहू शकेन. पण मी काहीतरी टाळतोय, हे तू एव्हाना ओळखलं असशील. आत्या इथे टेकडीवरच्या आपल्या सातही चक्क्या विकायला आली होती. घेणारे विटकॉप नावाचे जर्मन गृहस्थ. ते त्या उतरवून तिथे तीन मोठ्या उभ्या करणार.

आज सकाळी कागद तयार होते. आत्यानं पेन उघडलं, खिडकीबाहेर बंदरातल्या निशाणांकडे पाहिलं आणि पेन बंद केलं.

"युगो सुटलाय. युगोत सही करत नाहीत."

मी भाषांतर केलं. विटकॉपना वाटलं, मी चुकलो. पण युगो, दक्षिणेचा तो दमट, डोकं जड करणारा वारा, आम्हा सगळ्यांच्याच मानेवर बसला होता. आणि सभागृहातली माणसं, जी वाऱ्याचा वेग दशांश चिन्हापर्यंत सांगतात, त्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. अध्यक्षांनी लगेच कॉफी सांगितली. (माझ्या संस्कृतात युग म्हणजे लवकर न संपणारा काळ. कोणी कोणाकडून उचललं, देव जाणे.)

विटकॉप म्हणाले, "तुमचा धंदाच वाऱ्याचा आहे ना?"

आत्या म्हणाली, "दारूवाला स्वतः प्यालेला असताना त्याची सही घेता का तुम्ही?"

मग तिनं आपल्या बार्तुलला हाक मारली. तू गेल्यापासून चक्क्यांवर तोच नजर ठेवतो. "बार्तुल, माझं नि नेवेंकाचं वाजलं ना, त्या दिवशी कोणता वारा होता? मशीनला विचार. युगोच असणार. एरवी मी तिला तसलं बोलले नसते."

युगोत बोललेलं कुणी मनावर घेत नाही. आत्याला ती सवलत हवी होती. बार्तुलनं फोनवर चक्क्यांच्या जुन्या नोंदी उघडून तो दिवस शोधला.

"बूरा होता, आत्या. उत्तरेचा. अगदी कोरडा, स्वच्छ."

आत्यानं कॉफी संपवली. "म्हणजे मी शुद्धीत बोलले," एवढंच म्हणाली.

जेवणाआधी 'जुन्या चक्क्यांचं करायचं काय' यावर तिचं भाषण होतं. तिनं लिहून आणलेलं बाजूला ठेवलं. "माझ्या भाचीनं सांगितलं होतं, पाती बदला, मी सांभाळते, अजून दहा वर्षं चालतील. मी तिला चारचौघांत म्हटलं, मालकीण मी, तू पगारी माणूस. तिला घालवली, म्हणून आज विकायला बसलेय. चक्क्या म्हाताऱ्या झालेल्या नाहीत. मी चुकले."

दुभाष्याला दुसऱ्याचा 'मी' आपल्या तोंडानं म्हणावा लागतो. मीही जर्मनमध्ये 'मी चुकले' म्हणालो. आपल्या घराण्यात हे वाक्य पूर्वी कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. व्याकरणाच्या दृष्टीनं तसं सोपं आहे. आणि ती पंचाहत्तरीची बाई तिथे सरळ उभी होती. नेवेंका, मी तिला जन्मभर चिडवत आलोय. आज मला तिच्यासाठी विशेषण सापडलं नाही.

ती मंचावरून उतरल्यावर मी म्हटलं, "आता तरी तिला फोन कर."

"वेडा आहेस का? युगो चाललाय. सही धरत नाहीत, तशी माफीपण धरत नाहीत. बूरा सुटला की पुन्हा मागेन, तोंडावर. टेकडीचंही तेव्हाच ठरवू." मग थांबून म्हणाली, "तोंड समोर हवं मात्र."

अंदाज म्हणतो, सोमवारी वारा फिरेल. विटकॉपही तोवर थांबलेत. त्यांना अंजीर आवडले. त्यांनी कागद पुन्हा पुढे करण्याआधी तू पोच.

या पत्रात माझं काही चुकलं असेल तर सोडून दे, युगोत लिहिलंय. आत्याचं मात्र सोमवारी येऊन ऐक.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
लोव्रे
(ज्याच्यानं अजून एकही दिवा लागलेला नाही)