टेलचा देश

सर, तुम्ही मेलात हे आबांनी, माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यातल्या एका हॉटेलात कांदे चिरत होतो. आबा म्हणाले, दहाव्याला जाऊन आलो. मी फोन आपटला. आबा, ज्या माणसानं भर वर्गात तुमची टर उडवली त्याच्या दहाव्याला कशाला गेलात, असं ओरडायचं होतं, पण गल्ल्यावर मालक बसलेला. त्याला सात वर्षं झाली. आता मी न्यूझीलंडमध्ये आहे, हॅमिल्टनला, इथंही कांदेच चिरतो, आणि तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. मेलेल्या माणसाशी भांडण्यात काही मजा नाही, तो ऐकून घेतो आणि वर मोठाही होतो. तरी लिहितोय, कारण काल जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही.

नववीतला नागरिकशास्त्राचा तास. तुम्ही फळ्यावर वाकडी नदी काढता, वर एक देश, खाली एक देश, आणि विचारता, "पाणी कुणाचं?" पुढच्या बाकावरची हुशार मंडळी पुस्तकात उत्तर शोधतायत. मला उत्तर माहीत आहे. माझा बाप कालव्यावर पाटकरी, सायकलच्या हँडलला गेटची चावी लटकवून फिरणारा. पाणीपाळी कशी चालते ते मी जेवता जेवता ऐकत मोठा झालोय. मी कुणी न विचारता उभा राहतो. "आधी टेलला द्यायचं, सर. कालव्याच्या शेवटाचं रान भिजल्याशिवाय वरच्याचं दार उघडायचं नाही." तुम्ही चष्मा काढलात. अजून दिसतं मला, काढून धोतराच्या सोग्याला पुसलात, सावकाश. "वा, वा! मग दोन देशांच्या मधे तुझा बाप जाणार काय सायकल घेऊन? चावी फिरवायला?" सगळा वर्ग बाकं बडवून हसला. त्या दिवसापासून मी युनो. "ए युनो, पाणी सोड की!" तेही चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात पोरं कालव्यावर जाऊन आबांनाच म्हणाली, "काय युनो, आज कुठल्या देशाची पाळी?" आबा हसले. त्यांना वाटलं, पोरं मायेनं बोलतायत. ते हसणं मला बघवलं नाही. दहावीच्या वर्गात मी पाय ठेवला नाही. तेव्हापासून मला एकच हवं होतं: कुणीतरी शिकलेल्या माणसानं म्हणावं, तू बरोबर होतास आणि तुझा मास्तर चूक होता.

काल दुपारी युनिव्हर्सिटीत समोसे पोचवायला गेलो होतो. सोबत आमचा काउंटरवरचा पुणेकर, इथंच शिकून राहिलेला. नवीन पोरांचा पहिला तास होता, देशादेशांचे संबंध हा विषय, आणि शिकवणाऱ्या बाईंनी ओळख व्हावी म्हणून खाणं मागवलेलं. निम्मी पोरं जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून आलेली. बाईंनी "किया ओरा" असा इथला नमस्कार करून पाच खुर्च्या एका ओळीत मांडल्या आणि म्हणाल्या, ही नदी. पहिली खुर्ची डोंगरात, पाचवी समुद्राजवळ, एकेक खुर्ची एकेक देश, यंदा पाऊस कमी, आता पाणी वाटा. चार पोरं बसली. पाचवीवर कुणी बसेना. बाईंनी इकडं तिकडं बघितलं आणि माझ्याकडं बोट केलं, "यू, विथ द समोसाज?"

मी ट्रे घट्ट धरला. पुणेकर कुजबुजला, "अरे बस ना. काय खाणारेत का तुला?"

"मला इंग्लिश येत नाही राव."

"तुला देश चालवायचाय, निबंध नाही लिहायचा. बस!"

बसलो, ॲप्रनसकट. पहिल्या खुर्चीवरचा उंच पोरगा म्हणाला, पाणी माझ्याकडं उगवतं, म्हणजे माझं, स्वीट ॲज, एकदम झकास! सगळे हसले. मधल्या तिघांनी बरंच काही इंग्लिश मारलं. मग बाई म्हणाल्या, शेवटचा देश? माझ्या कानात तुमचा वर्ग बाकं बडवायला लागला. तरी म्हणालो, फर्स्ट वॉटर टू द लास्ट मॅन. आमच्या कालव्यावर असंच करतात, हे पुणेकरानं समजावून सांगितलं. कुणी हसलं नाही, सर. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मी त्या अक्षरांकडं बघत बसलो. मनात म्हटलं, बघा, मास्तर.

तेवढ्यात तो उंच पोरगा वळला. "ओके, पण मला पाणी सोडायला भाग कोण पाडणार?"

माझ्या तोंडातून आलं, नोबडी. गावात चावीवाला माणूस असतो. देशांना चावीवाला नसतो. बाईंनी मार्कर खाली ठेवला. म्हणाल्या, आपला विषय इथून सुरू होतो, आणि वर्षभर आपण यालाच उत्तर शोधणार आहोत. निघताना मला दारापाशी थांबवलं, गुरुवारी येऊन बस म्हणाल्या. आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

तुमची गोष्ट मी इथं दहा जणांना तरी सांगितलीय, दरवेळी हसण्यापाशी थांबवतो. त्याच्या पुढचं सांगत नाही. हसणं ओसरल्यावर तुम्ही फळ्याकडं वळलात आणि म्हणालात, "गावाला पाटकरी असतो. देशांना पाटकरी नसतो. सगळा घोळ तिथंच आहे." मी बाकावर डोकं टाकून होतो, पण ऐकत होतो. म्हणून माफ केलं असं समजू नका. एवढं शहाणपण होतं तर आबांना मधे न आणता सांगता आलं असतं.

ही पानं ऑर्डरच्या वहीतली आहेत, मालकानं बघायच्या आत फाडून टाकणार आहे. गुरुवारी दुपारची सुट्टी मागितलीय.

बाईंना मी सांगितलं, माझ्या वडिलांनी शिकवलं. देशांचं असं काही आबा कधी बोललेच नव्हते, सर.