दिवाणजी बाळंत झाले

२ एप्रिल १९३६, रिठद
आजपासून आयुष्याला दिशा मिळाली. वाशीमच्या बंगल्यातल्या साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या खानसाम्याने चार गिनी कोंबड्या टोपल्यासकट माझ्या हवाली केल्या. फुकट. देताना त्याला इतका आनंद का झाला, ते कळले नाही.
करड्या अंगावर पांढरे ठिपके, बोडके डोके, त्यावर शिंगासारखा तुरा. असा पक्षी अख्ख्या वाशीम तालुक्यात नसेल. सर्व्हिस मोटारीत वाटभर ओरडल्या. ड्रायव्हरने दोनदा मोटार थांबवून इंजिन तपासले.
प्लॅन: यंदा अंडी, पुढल्या वर्षी मोठा कळप, त्यानंतर वऱ्हाडभर नाव.

३ एप्रिल
नर-मादी ओळखणे सोपे आहे. जो पुढे चालतो, सर्वांत मोठ्याने ओरडतो आणि इतरांना टोचतो, तो नर. त्याचे नाव दिवाणजी ठेवले. सौ. रुख्मिणी म्हणाली, पुढं चालून वरडते ते बाईमाणूस बी असू शकते. बायकांना ऑब्झर्वेशनची सवय नसते.

९ एप्रिल, दुपार
अंगणापलीकडे थोरले बंधू उकंडरावदादा आणि रंगूबाई वहिनी राहतात. अंगण एक, तुळस एक, चुली दोन. दादांची दुपारची झोप गावात प्रसिद्ध. आज उघड्या अंगाने बाहेर आले आणि म्हणाले, "इंद्रभान, हे पाखरू हाये का बिनवंगणाचं गाडं?"
सवय होईल, असे सांगितले.

१० एप्रिल
झाली नाही.

१७ एप्रिल
किरकोळ घटना. दादा खळ्यावर जायला बैल जुंपत होते. दिवाणजी मंडळींसह गाडीखालून एकदम ओरडत निघाले. बैल बुजले. गाडी अंगणाच्या दारात अडकली, दांडी मोडली, दादा कडब्यावर पडले. कडबा असल्याने इजा नाही. मी ही चांगली बाजू दाखवून दिली.
दादा ओरडले नाहीत. हळूच बोलले, आणि तेच वाईट. "तुह्ये पाखरं जातीन, नाईतं या अंगणात भित येईन."

१८ एप्रिल
भिंत आली तर तुळस कोणाकडे जाणार, यावर सौ. आणि वहिनी दोघी एकदम रडल्या. आधी वेगवेगळ्या, मग एकमेकींच्या गळ्यात. पक्षी परत करावेत असे सौ.चे मत पडले. साहेब आता कुठे आहेत, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असते तरी परत केले नसते. माघार घेणे आपल्या स्वभावात नाही.

४ मे
विटांची गाडी आली. विटा छान भाजल्या आहेत, असे दादांना म्हणालो. ते विटा मोजू लागले. दिवाणजी विटांच्या ढिगावर चढून ओरडले, तेव्हा दादांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. गवंडी लग्नसराईत गुंतला आहे, एवढाच काय तो दिलासा.
निश्चय: गवंडी यायच्या आत पिल्ले. पिल्ले पाहून दादा विरघळतील. लहानपणी माझ्यासाठी चिमणीची पिल्ले वळचणीतून काढून देत असत. अर्थात तो मुद्दा नाही.

१९ मे
दिवाणजी दोन दिवस बेपत्ता होते. कोल्ह्याने नेले असे धरून मी जेवलोही नाही. फार. दुपारी दादा गंजीतून कडबा उपसायला गेले आणि आतून फडफड, आरडाओरड. दिवाणजी अंड्यांच्या ढिगावर बसलेले!
सौ. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अवो, पेढे वाटा. तुमचे दिवाणजी बाळंत झाले."
वहिनी हसून खाली बसल्या. दादांनी तोंड फिरवले, पण खांदे हलत होते. पक्ष्याचे नाव बदलण्याची गरज वाटत नाही. दिवाणगिरीला नर-मादी असा भेद नसावा.

२० मे
गंजी मोडल्याने दिवाणजी परत बसायला तयार नाहीत. हरकत नाही. माझी सिस्टिम तयार आहे. गुरांच्या कोठ्यात सरकीचा ढीग आहे, हात घातला की आतून गरम लागतो. ही उष्णता फुकट जाते. सुबक अंडी निवडून सरकीत पुरली. उरलेली, आकाराने सदोष, वहिनींना पोळा करायला दिली. संबंध सुधारावेत हा हेतू.
संध्याकाळी वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे अंडे हायेत का गोटे? तव्याचा काठ वाकला!" कवच जाड असते, हे जातिवंतपणाचे लक्षण आहे, असे कळवले.

२७ मे
वहिनी माहेरी आसेगावला गेल्या. दादा आमच्याकडे जेवतात. माझ्याशी बोलत नाहीत, भाकरी मागायची तर सौ.शी बोलतात. सरकी उत्तम गरम. रोज हात घालून पाहतो.

११ जून
कोंबडीच्या अंड्याचा काळ उलटला. एक अंडे कानाशी धरून हलवले. आत हालचाल! टोकाला हलकेच टिचकी मारली.
अंडे फुटले नाही, उडाले. मिशीत, डोळ्यांत, कोठ्याच्या आढ्यापर्यंत. वास असा की शेजारच्या जगदेवने ढोर मेले समजून ते ओढून न्यायला माणसे बोलावण्याची गोष्ट काढली. बाकीचीही तशीच निघाली. दोनदा अंघोळ केली. सौ.ने जेवण ओसरीत वाढले.
कारणमीमांसा: अंडी परदेशी, सरकी देशी.

१६ जून
गवंडी उद्या येतो म्हणाला. दादांनी अंगणात सुतळी धरून रेघ आखली. रेघ तुळशीच्या बाजूने थोडी वाकडी नेली आहे, तुळस आमच्याकडे राहील अशी. मी पाहिले. पाहिले नाही असे दाखवले.

१७ जून
अघटित! वहिनी काल संध्याकाळी परत आल्या. सकाळी त्यांच्या खुराड्यातून बारीक चिवचिव. खुडूक कोंबडीखालून चट्टेरी पिल्ले बाहेर येत आहेत, लाल चोचींची, झुंडीने!
वहिनींचा खुलासा: अंडी फुटेनात म्हणून रागाने कोंबडीखाली सरकवली, ती रिकामीच बसून कुरकुरत होती. "मंग आसेगावले गेली. माह्या ध्यानातच नाई राह्यलं." म्हणजे सदोष अंडी, विसराळू बाई आणि मठ्ठ कोंबडी. यात सायन्स कुठे आहे? मात्र निवड माझी, हे सर्वांना सांगितले.
गवंडी आला. दादा खुराड्यासमोर उकिडवे बसले होते. मान न वळवता म्हणाले, "आज नको बाबा. पाखरू बिचकीन."

२४ जून
पिल्ले खुराड्यात कोंडून ठेवणे अनारोग्यकारक. वहिनी पाण्याला गेलेल्या पाहून सगळी बांधावर नेली. गवत ओले, हवा शुद्ध. पिल्लांना काटक करणे हा उद्देश. ती आनंदाने धावली. मग हळू धावू लागली. मग बसू लागली.
टोपलीत घालून आणली. वहिनींनी एकेक पिल्लू पदराने पुसून चुलीजवळ ठेवले. काही उठली. पाच उठली नाहीत.
वहिनी रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, आता याइले हात नका लावू."
ओल्या गवताचा एवढा परिणाम व्हावा, हे कोणालाही सुचले नसते.

२५ जून
पाच ठिकाणी माती ओढण्याऐवजी दादांनी एकच खड्डा केला, लिंबाखाली. मी मदत करू का विचारले. त्यांनी कुदळ माझ्याकडे दिली.
दुपारी एक पिल्लू त्यांच्या धोतराच्या ओच्यात शिरून झोपले. दादा जेवायला उठले नाहीत. वहिनींनी भाकरी तिथेच आणून दिली.

८ जुलै
गवंडी आला. विटा उचलल्या. मी आत जाऊन बसलो, बघवेना. सौ.ने हाक मारली म्हणून बाहेर आलो. दादांच्या पडवीला लागून पक्क्या विटांची खोली उभी राहत होती, हातभर उंच जोते, ओल न लागणारी. पाखरांसाठी. "तुह्ये ते चार बी आन इकडं," दादा म्हणाले. तीन महिन्यांत माझ्याशी पहिले वाक्य.
दारे पूर्वेला ठेवावी, असे मी सुचवले. पश्चिमेला ठेवली.

३० ऑगस्ट
दादा "या... या..." म्हणतात आणि सारा कळप धावतो. मीही तसेच म्हणून पाहिले, त्याच सुरात. दिवाणजींनी मान वाकडी करून पाहिले आणि किडे टिपू लागले. माझा आवाज बहुधा त्यांच्या कानाला जास्त सुसंस्कृत वाटत असावा.
दादांची दुपारची झोप आता त्या गोंधळात लागते. गोंधळ थांबला की दचकून उठतात.

२ नोव्हेंबर
सकाळी शेलूबाजारहून लालसिंग नावाचे गृहस्थ आले. तांड्यातले मातब्बर. गिनीवाले उकंडराव कुठं राहतात, असे विचारले. त्यांना पिल्लांची जोडी हवी होती, कीर्ती ऐकून आले होते. दादा वावरात गेले होते, म्हणून ओसरीवर बसवले. सौ.ने चहा दिला.
लालसिंग कौतुकाने कळपाकडे पाहत राहिले. मग पाहुण्याच्या रीतीने मला म्हणाले, "तुमी बी पाळता का काही?"
नाही म्हणालो.